माशांच्या पाण्यात व्हिटॅमिन डीचे थेंब टाकण्याआधी

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर लगेच सांगता येईल. गोल्डफिशची चाळीसएक पिल्लं आहेत, वय दोन महिने. सात-आठ पिल्लांची पाठ वाकायला लागली आहे आणि काहींच्या कल्ल्यांची झाकणं मऊ लागतात. पाणी पूर्ण आरओचं. खाद्य घरी शिजवलेलं: वाटाणे, गव्हाचं पीठ, अंड्याचा पांढरा भाग, जिलेटिन, आणि कॅल्शियम मिळावं म्हणून हाडांची भुकटी. कुणीतरी हा माशांचा मुडदूस असल्याचं सांगितलं, म्हणून माणसांचे व्हिटॅमिन डीचे थेंब पाण्यात टाकावेत की खाद्यात, किती टाकावेत आणि टाकीवर यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा लावावा का, असं तुम्ही विचारताय.

थेंब पाण्यात मुळीच टाकू नका. दिव्याचा उपयोग नाही. व्हिटॅमिन डी माशाला खाद्यातून लागतं हे खरं, पण तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला तुमच्या टाकीत दोन मोठ्या उणिवा दिसतात आणि त्या दोन्ही डीच्या आधी येतात. पाण्यात कॅल्शियम नाही, आणि खाद्यात जो फॉस्फरस आहे तो या माशाला पचत नाही. गेली बरीच वर्षं मी माशांचं खाद्य आणि पिल्लांची वाढ याच कामात आहे. वाकडी पाठ दिसली की सगळ्यांना आधी व्हिटॅमिन डी आठवतं, कारण लहान मुलांच्या मुडदुसाची गोष्ट आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसलेली आहे. पण माशाचं शरीर त्या गोष्टीप्रमाणे चालत नाही.

माणसाला कॅल्शियम मिळतं ते अन्नातून. आतड्यानं ते शोषून घ्यावं यासाठी व्हिटॅमिन डी लागतं. डी कमी पडलं की कॅल्शियम आत येत नाही आणि हाडं मऊ पडतात. गोड्या पाण्यातला मासा मात्र चोवीस तास कॅल्शियमच्या द्रावणातच राहतो, मग ते कितीही पातळ असो. त्याच्या कल्ल्यांत क्षार शोषणाऱ्या खास पेशी असतात. या पेशींच्या पाण्याकडच्या बाजूला कॅल्शियमपुरती उघडणारी बारीक दारं असतात, आणि रक्ताकडच्या बाजूला ऊर्जा खर्चून कॅल्शियम पुढे ढकलणारे पंप. गोड्या पाण्यातले बहुतेक मासे आपल्या गरजेचा मोठा वाटा या वाटेनं, थेट पाण्यातून घेतात. पाण्यात कॅल्शियम कमी झालं तर काही दिवसांत या पेशी वाढतात, दारंही वाढतात, आणि मासा खाद्यातल्या कॅल्शियमवर जास्त विसंबू लागतो.

या यंत्रणेत व्हिटॅमिन डीचं काम नेमकं काय? खाद्यातलं डी चरबीबरोबर आतड्यातून आत येतं आणि यकृतात जातं. तिथे त्याच्यावर दोन पायऱ्यांत प्रक्रिया होते आणि त्याचं खरं काम करणारं रूप, कॅल्सिट्रायॉल, तयार होतं. माणसात यातली दुसरी पायरी मुख्यतः मूत्रपिंडात होते. कार्पसह अनेक माशांचं यकृत मात्र दोन्ही पायऱ्या पार पाडू शकतं. हे कॅल्सिट्रायॉल कल्ले, आतडं, मूत्रपिंड आणि हाडं इथल्या पेशींना संदेश देतं. माणसात हा संदेश घेणारा ग्राहक (रिसेप्टर) एकच प्रकारचा असतो, हाडांचा सांगाडा असलेल्या माशांत तो दोन प्रकारचा असतो. झेब्राफिशवरच्या प्रयोगांत दिसलं की व्हिटॅमिन डीमुळे कल्ल्यांतल्या पेशींमधली ती कॅल्शियमची दारं वाढतात. मागूर जातीच्या माशांना बाहेरून डी३ (प्राण्यांच्या शरीरात असतं ते व्हिटॅमिन डी) दिल्यावर रक्तातलं कॅल्शियम चढल्याचंही दिसलं आहे. म्हणजे डीचा परिणाम खरा आहे, त्याबद्दल शंका नको. पण ते दार किती उघडायचं एवढंच ठरवतं. दाराबाहेर काही नसेल तर दार सताड उघडूनही आत काही येणार नाही.

शिवाय त्या दारावर एकट्या डीचा ताबा नाही. माशांना माणसासारखी वेगळी पॅराथायरॉइड ग्रंथी नसते. त्याऐवजी त्यांच्या मूत्रपिंडाला चिकटून पांढुरक्या लहान गाठी असतात. १८३९ मध्ये स्टानियस या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना स्टानियसच्या गाठी म्हणतात. १९६४ मध्ये ईल माशातून त्या काढल्यावर रक्तातलं कॅल्शियम वाढत गेलं, आणि त्या गाठी कॅल्शियमला लगाम घालतात हे समोर आलं. त्यातून निघणारं स्टॅनिओकॅल्सिन हे संप्रेरक कल्ल्यांची दारं बंद करतं. प्रोलॅक्टिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं उलट दिशेनं ओढतात. एवढ्या सगळ्यांच्या ओढाताणीतून रक्तातलं कॅल्शियम लिटरमागे साधारण ८० ते १२० मिलिग्रॅमच्या आसपास टिकून राहतं. अंडी भरलेल्या मादीत ते बरंच वर जातं, कारण अंड्यातला बलक बनवणारं प्रथिन कॅल्शियम धरून ठेवतं. त्या काळात ती आपल्या खवल्यांतलं कॅल्शियमसुद्धा काढून वापरते.

ट्राउट माशांवरचा एक जुना प्रयोग माझ्या फार उपयोगी पडला आहे. रेनबो ट्राउटला व्हिटॅमिन डी नसलेलं खाद्य बराच काळ दिलं. अपेक्षा अशी की रक्तातलं कॅल्शियम घसरेल आणि हाडं मऊ पडतील. प्रत्यक्षात कॅल्शियम घसरलं नाही, हाडांतल्या क्षारांतही फरक दिसला नाही. बिघाड झाला तो पाठीच्या पांढऱ्या स्नायूंत: स्नायू आखडत होते, झटके येत होते, शेपटी खाली झुकली होती. वरून पाहणाऱ्याला तो मणक्याचाच आजार वाटावा. म्हणजे पाण्यात कॅल्शियम असेल तर डीशिवायही मासा बराच काळ हाडं सांभाळतो, आणि डीच्या कमतरतेचं पहिलं लक्षण हाडांतच दिसेल असं नाही. चॅनेल कॅटफिशमध्ये चित्र वेगळं निघालं. तिथे वाढ खुंटली आणि शरीरातलं कॅल्शियम व फॉस्फरस दोन्ही कमी झालं. जातीगणिक फरक पडतो तो असा, त्यामुळे एका जातीचा आकडा दुसरीला लावताना मी नेहमी दोनदा विचार करतो.

आता तुमच्या पाण्याकडे वळू. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास उरतच नाहीत. मासा मग कल्ल्यांतली दारं पूर्ण उघडी ठेवतो, पेशी वाढवतो, तरीही आत येतं त्याहून जास्त बाहेर झिरपत असतं. कॅल्शियमचा आणखी एक उपयोग सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: ते कल्ल्यांच्या पेशींमधले सांधे घट्ट धरून ठेवतं. ते कमी पडलं की सोडियम आणि क्लोराइडही गळू लागतात, आणि पाणी आम्लीय असेल तर गळती वाढते. अशा पाण्यातली पिल्लं मंद दिसतात, पंख आवळून घेतात, वाढ अडखळते. हे सगळं तुमच्या पिल्लांत आहे का ते पाहा.

टेस्ट किटनं जीएच, म्हणजे पाण्याचा एकूण कठीणपणा, मोजा. जीएचचा एक अंश म्हणजे लिटरमागे १७.८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका कठीणपणा. तो सगळा कॅल्शियमचाच असेल तर प्रत्यक्ष कॅल्शियम लिटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅम होतं. पण जीएच कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही एकत्र मोजतो, त्यामुळे नुसत्या जीएचवर विसंबून फसायला होतं. एकदा माझ्याकडे आलेल्या पाण्याचा जीएच अगदी व्यवस्थित होता आणि मासे मात्र आजारी. चौकशी केल्यावर कळलं की मालक महिनोन्‌महिने नुसतं एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, टाकत होता. कॅल्शियमची वेगळी चाचणी मिळाली तर तीही करा.

गोल्डफिशला मध्यम कठीण पाणी मानवतं, त्याला आरओची गरज नसते. नळाचं पाणी क्लोरीन काढून वापरता येत असेल तर तेच आरओमध्ये मिसळायला लागा. जीएच ६ ते १० अंशांच्या दरम्यान आणा, पण आठ-दहा दिवसांत, थोडं थोडं करत. पिल्लांच्या कल्ल्यांनी कमी क्षारांच्या पाण्याशी जुळवून घेतलेलं असतं, त्यांना उलट दिशेनं जायलाही वेळ लागतो. आणि पाणी साठवायला जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा पिंप वापरत असाल तर ते आजच थांबवा. जस्त आणि कॅडमियम कल्ल्यांतल्या त्याच दारांतून घुसतात आणि कॅल्शियमची जागा अडवतात. मऊ पाण्यात हा त्रास जास्त होतो.

यापुढचा मुद्दा फॉस्फरसचा, आणि तुमच्या बाबतीत मला हाच सर्वात महत्त्वाचा वाटतो. हाडं नुसत्या कॅल्शियमची नसतात, ती कॅल्शियम फॉस्फेटची असतात. कॅल्शियम पाण्यातून मिळतं, फॉस्फरस मिळत नाही. नैसर्गिक गोड्या पाण्यात फॉस्फरस इतका थोडा असतो की माशाला तो जवळपास पूर्णपणे खाद्यातूनच घ्यावा लागतो. कार्पच्या खाद्यात पचण्याजोगा फॉस्फरस साधारण ०.६ ते ०.७ टक्के लागतो, आणि गोल्डफिश कार्पच्याच कुळातला. तो कमी पडला की वाढ खुंटते, हाडं मऊ राहतात, डोक्याचा आकार बिघडतो, अंगात चरबी साचते. तुम्ही म्हणता ती मऊ झाकणं मला या चित्रात सर्वात चपखल बसतात.

तुम्ही म्हणाल, हाडांच्या भुकटीत तर भरपूर फॉस्फरस आहे. आहे, पण गोल्डफिशला पोट नसतं. अन्ननलिकेतून अन्न थेट आतड्यात उतरतं, आम्ल कुठेच लागत नाही, आणि हाडांचा चुना आम्लाशिवाय विरघळत नाही. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत हाडांच्या चुन्यासारख्या ट्रायकॅल्शियम फॉस्फेटमधला फॉस्फरस ट्राउटनं ६४ टक्के घेतला, कार्पनं फक्त १३ टक्के. पाण्यात सहज विरघळणारं मोनोकॅल्शियम फॉस्फेट दिल्यावर मात्र दोघांनीही ९४ टक्के घेतला. वाटाणे आणि गहू यांतला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो, आणि तो सोडवणारं विकर माशाकडे नसतं. म्हणजे तुमच्या खाद्यात कागदावर फॉस्फरस भरपूर दिसतो आणि पिल्लाच्या अंगात मात्र फारसा पोचत नाही.

हे मी एका कार्पच्या संगोपन तळ्यावर हाताळलं आहे. तिथल्या बोटुकलीला (बोटभर लांबीच्या पिल्लाला) ओल्या फडक्यावर आडवी धरून बोटाच्या टोकानं कल्ल्याचं झाकण हलकेच दाबलं, तर ते भिजलेल्या कागदासारखं आत गेलं आणि तसंच राहिलं. निरोगी पिल्लाचं झाकण दाबलं की लगेच उसळून परत येतं. मेलेल्या काही पिल्लांचं मांस पोटॅशच्या द्रावणात पारदर्शक करून हाडं अॅलिझरिनच्या लाल रंगात रंगवली. क्षार भरलेलं हाड गडद लालजांभळं व्हायला हवं. इथे फासळ्या फिक्या गुलाबी आणि दोऱ्यासारख्या बारीक होत्या, मणक्यांच्या कडाच दिसत नव्हत्या. मालकानं तोवर तीन आठवडे खाद्यात व्हिटॅमिन डी दुप्पट केलं होतं, फरक शून्य. पाण्याचा कठीणपणा चांगला होता. खाद्याचा फॉर्म्युला मागवला तर त्यात हाडांचाच चुना घातलेला. तो काढून मोनोकॅल्शियम फॉस्फेट घातलं, आणि पुढच्या तुकडीची झाकणं सहा आठवड्यांत बोटाखाली टणक लागायला लागली. आधी वाकलेली पिल्लं मात्र वाकडीच राहिली. मणका एकदा चुकीच्या आकारात घडला की तो सरळ होत नाही, हे तुम्हाला आधीच सांगितलेलं बरं.

म्हणून हाडांची भुकटी बंद करा. निम्मं तरी खाद्य गोल्डफिश किंवा कार्पसाठीचं चांगलं तयार खाद्य असू द्या, ज्यात माशांच्या गरजेप्रमाणे क्षार आणि जीवनसत्त्वं घातलेली असतात. घरच्या मिश्रणात कोरड्या वजनाच्या १ ते २ टक्के मोनोकॅल्शियम फॉस्फेट घाला. त्यात सुमारे २२ टक्के फॉस्फरस असतो, म्हणजे किलोभर कोरड्या मिश्रणात १० ग्रॅम घातलं तर साधारण २ ग्रॅम फॉस्फरस वाढतो. यापलीकडे जाऊ नका. उरलेला फॉस्फरस पाण्यात जातो आणि शेवाळ माजतं. सरडे-कासवं पाळणारे कॅल्शियम-फॉस्फरसचं दोनास एक प्रमाण सांगतात, ते इथे लावू नका. माशाला अर्ध्याहून जास्त कॅल्शियम खाद्याबाहेरून मिळत असताना खाद्यातल्या प्रमाणाला तेवढा अर्थ उरत नाही.

मग व्हिटॅमिन डी किती? प्रयोगांतून निघालेले आकडे असे: चॅनेल कॅटफिशला किलोभर खाद्यात सुमारे ५०० आययू (जीवनसत्त्व मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक), संकरित तिलापियाला ३७५ च्या आसपास, रेनबो ट्राउटला १६०० ते २४००. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू, तेव्हा हे सगळं किलोमागे १० ते ६० मायक्रोग्रॅमच्या घरातलं. चांगल्या तयार खाद्यात एवढं सहज असतं. डी३ हवं, बुरशी-वनस्पतींतून येणारं डी२ नको. ट्राउटमध्ये डी३ निदान तिपटीनं परिणामकारक ठरलं आहे. आता माणसाची १००० आययूची एक गोळी तुम्ही १०० ग्रॅम खाद्यात कालवली तर किलोमागे १०,००० आययू झालं, म्हणजे कॅटफिशच्या गरजेच्या वीसपट. ट्राउट जास्तीचं डी बरंच सोसतो, कॅटफिशची वाढ त्या मानानं लवकर मंदावते. चरबीत विरघळणारं जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, साचत राहतं.

पाण्यात थेंब का नकोत, तर गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीतच नाही. त्याच्या अंगात पाणी आपोआप शिरत असतं आणि तो ते सतत पातळ लघवीवाटे बाहेर टाकत असतो. थेंबांचं तेल पाण्यात विरघळत नाही. मी अशी एक टाकी पाहिली आहे: उजेड तिरपा पडला की पृष्ठभागावर इंद्रधनुष्यासारखे रंग फिरत होते आणि सगळी पिल्लं कोपऱ्यात तोंड वर करून धापा टाकत होती. त्या तवंगानं हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळणं मंदावलं होतं. औषध माशापर्यंत पोचलंच नाही, त्रास तेवढा झाला.

दिव्याचंही तसंच. यूव्हीबी किरण काचेच्या झाकणातून जवळपास पार होत नाहीत, आणि टाकीच्या पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ उरलेले शोषतात. ट्राउटच्या कातडीत प्रकाशामुळे थोडं व्हिटॅमिन डी तयार होऊ शकतं असं अलीकडे दिसलं आहे, पण माशाची मुख्य भिस्त खाद्यावरच असते. निसर्गात ते त्याला पाण्यातले सूक्ष्म जीव आणि ते खाणारे लहान मासे यांच्याकडून मिळतं. १९२२ मध्ये अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ मॅकॉलम यांनी व्हिटॅमिन डी वेगळं ओळखलं तेही कॉड माशाच्या यकृताच्या तेलात. आणि हा कॉड ज्या समुद्रात राहतो तिथे लिटरमागे सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, त्याच्या रक्ताच्या कितीतरी पट. कॅल्शियम शोधायची गरज नसलेला मासा एवढं डी का साठवतो, हा प्रश्न मला अजूनही खुणावतो. कॉड लिव्हर ऑइल खाद्यात घालायचं मनात आलं असेल तर थांबा: त्यात व्हिटॅमिन एही भरपूर असतं, आणि त्याचा अतिरेक झाला तर पिल्लांचा मणका त्यानंच वाकतो.

खरोखर डीची कमतरता मला कधी वाटते? खाद्य महिनोन्‌महिने फक्त वनस्पतींचं असेल, त्यात माशाचं पीठ किंवा अंड्याचा पिवळा बलक यांतलं काहीच नसेल, आणि शेपटी झुकणं, स्नायूंचे झटके, मंद वाढ हे सगळं एकत्र दिसत असेल तेव्हा. तुम्ही अंड्याचा पांढरा भाग घालता आणि पिवळा टाकून देता, तर यात थोडं तथ्य असू शकतं. पिवळा बलक थोडासा घालायला लागा. पण तुमच्या शिजवलेल्या खाद्यात डीच्या आधी व्हिटॅमिन सी संपलेलं असतं. बहुतेक माशांना सी शरीरात तयार करता येत नाही, त्याशिवाय हाडांची प्रथिनांची चौकट नीट बनत नाही, आणि तेव्हाही पाठ अशीच वाकते. शिजवून कोमट झालेल्या मिश्रणात सीचं टिकाऊ, फॉस्फेट जोडलेलं रूप घाला, आणि महिनाभरापेक्षा जुनं खाद्य देऊ नका.

वाकड्या पाठीला याखेरीजही कारणं असतात, आणि ती नाकारता येत नाहीत. हवेची पिशवी पहिल्या दिवसांत फुगली नाही तर पिल्लू तिरकं पोहत राहतं आणि मणका वाकतो. फॅन्सी जातीच्या गोल्डफिशचं आखूड गोल शरीर म्हणजे मुळातच दाबलेला मणका, त्यामुळे त्यांच्या विणीत काही वाकडी निघतातच. आणि मोठे मासेही खंगत असतील, अंगावर जखमा असतील तर माशांचा क्षय मनात धरावा लागतो. तो माणसाच्या हाताच्या जखमेतूनही शिरतो. कारण कळेपर्यंत टाकीत हात घालताना हातमोजे वापरा.

आता दोन गोष्टी कळवा: जीएचचा आकडा, आणि वाकडी पिल्लं एकाच जोडीची आहेत का. मग सरळ पाठीच्या चार-पाच पिल्लांच्या कल्ल्यांची झाकणं आज ओल्या बोटानं दाबून पाहा आणि कशी लागली ते लिहून ठेवा. पाणी आणि फॉस्फरस सुधारल्यावर दर पंधरा दिवसांनी तीच तपासणी करा. पहिला फरक तिथेच लागेल, पाठीत नाही.